गठ्ठ्यातल्या साठ गोष्टी : कथालेखन तपासायचं कसं

आठवीच्या वर्गाला मी एकदा फळ्यावर एकच वाक्य लिहून दिलं, 'शेवटची एसटी निघून गेली होती.' याच वाक्याने सुरुवात करून गोष्ट लिहायची, वेळ एक तासिका. आलेल्या गठ्ठ्यातल्या दोन वह्या इथे समोर ठेवतो. जरा आखूड केल्या आहेत, बाकी मजकूर मुलांचाच.

पहिली वही. शीर्षक 'आळसाचे फळ'. "शेवटची एसटी निघून गेली होती. रमेश नावाचा एक मुलगा होता. तो खूप आळशी होता. तो रोज उशिरा उठत असे. त्यामुळे त्याची एसटी निघून गेली. त्याला आपली चूक समजली. त्याने पुन्हा कधीही आळस न करण्याचा निश्चय केला. तात्पर्य : आळस हा माणसाचा शत्रू आहे."

दुसरी वही, शीर्षक नाही. "शेवटची एसटी निघून गेली होती. स्टँडवर मी आणी शेंगदाणेवाली म्हातारी. ती म्हनली पोरी आता काय करशील. मी म्हनलं चालत जाईन. तीनं पुडी दिली. पैसे नाहीत म्हनलं तर म्हनली उद्या दे. मग मी चालत गेली. घरी पोचले. आई रडत होती. मग सर्व ठिक झालं."

आपल्यापैकी बरेच जण पहिलीला पाचपैकी साडेचार देतील आणि दुसरीला दोन. मीही अनेक वर्षं तेच केलं. अक्षर नेटकं, एकही चूक नाही, शीर्षक आहे, तात्पर्य आहे, मग गुण कापायचे कुठून? पण पहिल्या वहीत गोष्ट आहे कुठे? रमेश शाळेत चालला होता की लग्नाला, एसटी चुकल्यावर त्याने काय केलं, काहीच कळत नाही. दुसऱ्या वहीत शुद्धलेखनाचे हाल आहेत, तरी 'उद्या दे' या दोन शब्दांत म्हातारी अख्खी उभी राहते. ही पोरगी उद्या याच स्टँडवर येणार, हे तिला ठाऊक आहे.

या दोन वह्यांना न्याय मिळेल अशी तपासणी करायची, तर सुरुवात लाल पेनच्या बरीच आधी होते.

आधी विषय तपासा, मग वही

मुद्द्यांवरून कथालेखन हा आपला जुना आवडता प्रकार. 'शेतकरी – चार मुले – सतत भांडण – काठ्यांची मोळी' असे मुद्दे दिले की साठ वह्यांत साठ वेळा तीच मोळी. हा प्रकार वाईट नाही. मुलाला घटना क्रमाने मांडता येतात का, दोन मुद्द्यांमधली मोकळी जागा भरता येते का, हे त्यातून नीट कळतं. मग तेवढंच तपासा. कल्पकतेला पाच गुण ठेवून मुद्दे आपणच पुरवायचे आणि शेवटी 'कल्पकता कमी' असा शेरा मारायचा, हे काही बरोबर नाही.

मूल स्वतः काय रचतं ते पाहायचं असेल तर एक वाक्य द्या, अर्धी गोष्ट देऊन उरलेली लिहायला सांगा, किंवा एखादी वस्तू द्या. हरवलेली चावी, दुसऱ्याच्या नावाने आलेलं पाकीट, बंद पडलेली पिठाची गिरणी. 'प्रामाणिकपणाचे महत्त्व' असला विषय मात्र देऊ नका. त्यात शेवट आधीच ठरलेला असतो आणि मूल मागे मागे चालत सुरुवातीला येतं. विषय मुलांच्या रोजच्या वावरातला असावा. समुद्र न पाहिलेल्या मुलाला बंदरावरची गोष्ट सांगितली, तर तो टीव्हीतला समुद्र लिहिणार, आणि आपण गुण टीव्हीला देणार.

निकष : पाच पुरेत, आणि ते दिसणारे हवेत

कथाबीज, घटनाक्रम, पात्रं, स्थळकाळ, संवाद, भाषा, शीर्षक, शेवट हे घटक आपल्याला पाठ आहेत. घोटाळा होतो तो 'कथाबीज उत्तम', 'मध्यम', 'सुमार' असा तक्ता आखल्यावर. उत्तम म्हणजे काय, हे तक्ता सांगत नाही. त्यामुळे तो भरणाऱ्याच्या त्या दिवशीच्या मूडवर चालतो. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिका अनेक शाळांत पाठवल्या होत्या. १४२ शिक्षकांनी त्या तपासल्या, आणि त्यातल्या एकीला शंभरपैकी गुण पडले ६४ पासून ९८ पर्यंत. शंभर वर्षं उलटली; स्टाफरूममध्ये एक वही फिरवून बघा, फार फरक पडलेला नाही.

म्हणून निकष असा लिहावा, की वहीत बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. मी वीस गुणांची वाटणी अशी करतो.

गोष्ट घडते का, याला ६ गुण. कुणाला तरी काहीतरी हवं आहे, त्यात काही आडवं येतं, आणि शेवटी परिस्थिती किंवा माणूस थोडा तरी बदलतो. तिन्ही सापडलं आणि एकातून दुसरं निघालं, तर ५ किंवा ६. तिन्ही आहे पण मधला भाग घाईत उरकला, तर ३ किंवा ४. 'सकाळी उठलो, मग जेवलो, मग झोपलो' अशी नुसती घडामोडींची यादी असेल, तर १ किंवा २.

माणसं, म्हणजे पात्रं आणि संवाद, यांना ५. यासाठी मी एक साधी परीक्षा करतो. 'तो दयाळू होता' असं सांगितलं आहे, की दया दिसेल असं त्याने काही केलं किंवा म्हटलं आहे? केलेलं दिसलं की गुण वर सरकतात. संवाद कुणाच्याही तोंडी घातला तरी चालत असेल, तर खाली.

प्रसंग डोळ्यांसमोर येतो का, याला ४. जागा, वेळ, आवाज, वास, एखादा नेमका तपशील. पानभर वर्णनाची गरज नाही. 'निसर्गरम्य परिसर' या शब्दांना मी शून्य देतो आणि तसं वर्गात आधीच सांगून ठेवतो.

भाषेला ३. वाक्यं तुटत नाहीत ना, काळ मध्येच बदलत नाही ना, विरामचिन्हं आणि शुद्धलेखन. शेवट आणि शीर्षक मिळून २.

भाषेला तीनच गुण पाहून काही सहकारी नाराज होतात. त्यांना मी म्हणतो, निबंधात, पत्रात, श्रुतलेखनात घ्या की सगळे गुण. पण कथा तपासताना कथा तपासू.

याच तक्त्यावर पहिल्या वहीला २, १, ०, ३ आणि १ मिळून ७ पडतात. दुसरीला ४, ४, ३, १ आणि ० मिळून १२. तुमची वाटणी वेगळी असू शकते, आकडे काही दगडावरची रेघ नव्हेत. मात्र ते लिहायच्या आधी ठरलेले हवेत आणि मुलांना माहीत हवेत.

तक्ता वर्गात उघडा करा

मागच्या वर्षाची एखादी कथा नाव झाकून, शक्यतो आपल्या हाताने पुन्हा लिहून घ्या, म्हणजे अक्षरावरून कुणी ओळखणार नाही. फळ्यावर तक्ता काढा आणि गटागटाने मुलांनाच गुण द्यायला सांगा. मुलं फार कठोर परीक्षक असतात. एका गटाने 'पात्रं' या निकषाला शून्य दिला होता. का, म्हणून विचारलं तर एक मुलगा म्हणाला, "सर, यातल्या आजोबांच्या जागी मावशी टाकली तरी काही बिघडत नाही." बी.एड.च्या वर्गात मला हे कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

या कामात एक तासिका जाते. ती पुढे गठ्ठा तपासताना वसूल होते, कारण कच्ची गोष्टच जरा बरी येते.

पहिलं वाचन पेनाविना

पेन खिशात ठेवा. गोष्ट वाचक म्हणून एकदा सलग वाचा आणि कुठे थांबलात, कुठे कंटाळलात, एवढंच लक्षात ठेवा. पेन हातात असलं की डोळा 'आणी'वर अडकतो आणि म्हातारी निसटते. दुसऱ्या वाचनात तक्ता घ्या, गुण पेन्सिलने मांडा.

साठ वह्या, प्रत्येकी सहा मिनिटं, म्हणजे सहा तास. एका बैठकीत हे होत नाही आणि करूही नये, कारण शेवटच्या वीस वह्यांवर आपल्या पाठदुखीचे गुण पडतात. रोज पंधरा, चार दिवस. दुसऱ्या दिवशी बसताना आदल्या दिवशीच्या दोन वह्या पुन्हा वाचून बघा. आज त्यांना वेगळे गुण द्यावेसे वाटले, तर माप सरकलंय असं समजा. गठ्ठा हजेरीच्या क्रमाने लावू नका, पिसून घ्या. हुशार म्हणून ठरलेल्या मुलाच्या वहीनंतर येणारी वही उगाच फिकी वाटते. आणि सुंदर अक्षराला बाकायदा गुण नसले, तरी हात आपोआप सैल सुटतो. त्यावर नजर ठेवा.

दोन वह्यांच्या बाबतीत अडलात, कुणाला ११ आणि कुणाला १२ हे ठरेना, तर आकडा बाजूला ठेवा. दोन्ही शेजारी उघडून एवढंच विचारा, गोष्ट म्हणून यातली सरस कोणती? एकेकट्या वहीला नेमका आकडा लावण्यापेक्षा दोघींत तुलना करणं माणसाला सोपं जातं.

शुद्धलेखन आणि बोली

हा भाग सगळ्यात नाजूक, म्हणून थोडा थांबतो.

दुसऱ्या वहीत 'आणी', 'तीनं', 'ठिक' या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आहेत. त्या चुकाच, त्यात वाद नाही. 'मी चालत गेली' आणि लगेच 'पोचले' हे मात्र वेगळं प्रकरण. 'मी गेली' हे तिच्या घरचं बोलणं आहे, 'पोचले' हे शाळेचं. एकाच निवेदनात दोन्ही आल्याने वाक्य अडखळतं. तिला एवढंच सांगायचं, की गोष्ट सांगणारी कोणत्या भाषेत बोलते ते ठरव आणि मग शेवटपर्यंत तशीच बोलू दे.

'म्हनली' तिसऱ्या प्रकारचं. इथे 'ण'चा 'न' झालाय तो निवेदनात. म्हातारीच्या अवतरणचिन्हांतल्या बोलण्यात 'न' आला असता, तर मी हात लावला नसता. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कुठलीही बोली संवादात आली तर ती पात्राची भाषा आहे. तिचे गुण कापायचे नाहीत, जमली असेल तर 'माणसं' या निकषात वाढवायचे. आपले शुद्धलेखनाचे नियमही याला मोकळीक देतात. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे हे अठरा नियम. पात्राच्या तोंडी 'असे केले' ऐवजी 'असं केलं' असं उच्चाराप्रमाणे लिहावं, हे त्यांतच सांगितलं आहे. बोलीवर लाल रेघ मारताना नियमांचा हवाला देणाऱ्यांनी ते नियम एकदा शेवटपर्यंत वाचावेत.

चुका दाखवायच्या किती? एका वहीत एकाच जातीच्या चुका, आणि जास्तीत जास्त तीन. शब्द दुरुस्त करून देऊ नका. समासात फक्त खूण करा, शोधायचं काम मुलाचं. चाळीस लाल खुणांची वही मूल उघडतं, मिटतं आणि दप्तराच्या तळाशी सारतं.

शेरा

'छान', 'प्रयत्न चांगला', 'अक्षर सुधारा', 'लेखनाचा सराव करा'. हे शेरे वही न वाचता मारता येतात, आणि मुलांना ते कळतं. मी तीन वाक्यांचा शेरा लिहितो. वाचताना कुठे थांबलो ते शब्द उचलून, कुठे रस्ता चुकला ते, आणि शेवटी एक प्रश्न. दुसऱ्या वहीवर मी लिहिलं होतं, "म्हातारीचं 'उद्या दे' वाचून मी थांबलो. स्टँड ते घर ही वाट मात्र एका वाक्यात संपली. त्या वाटेवर तुला सगळ्यात जास्त भीती कुठे वाटली असती?"

पहिल्या वहीचा शेरा लिहायला जास्त वेळ लागला. त्या मुलाने काहीच चुकीचं केलं नव्हतं. आजवर ज्याला पूर्ण गुण मिळाले, तेच त्याने पुन्हा दिलं होतं. 'तात्पर्य खोडून टाक' असं लिहिलं तर तो गोंधळला असता. म्हणून लिहिलं, "तुझी वाक्यं स्वच्छ आहेत. एसटी गेली त्या मिनिटाला रमेशच्या हातात काय होतं आणि तो कुठे निघाला होता? तिथूनच सुरू कर, तात्पर्य शेवटी हवंच असलं तर ठेव."

गुण आणि शेरा एकाच दिवशी देऊ नका. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला, १९८८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी मोलाचा आहे. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचं पुढचं काम सुधारलं. ज्यांना शेऱ्यासोबत गुणही मिळाले त्यांना शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही. आपल्या वर्गात हे बघायला संशोधन लागत नाही. वही मिळाली की मूल आकडा बघतं, शेजाऱ्याचा आकडा बघतं, संपलं. म्हणून पहिल्या खर्ड्यावर फक्त शेरा लिहायचा. गुण माझ्या डायरीत राहतात.

उचललेली गोष्ट

गाईडमधली, यूट्यूबवरची, हल्ली मोबाइलला विचारून आणलेली. भाषा अचानक गुळगुळीत झाली, 'सूर्याची सोनेरी किरणे' उगवली, की आपल्याला वास येतोच. पण वासावरून गुण कापू नयेत. कधीकधी ती खरंच त्या मुलाची असते. जवळ बोलावून गोष्टीबद्दल दोन-तीन प्रश्न विचारा. 'या आजीला नातू किती?', 'ही गोष्ट पावसाळ्यात घडली असती तर काय बदललं असतं?' लिहिणारा लगेच बोलायला लागतो, कधी गोष्टीत नसलेलंही सांगतो. उतरवणारा वहीकडे बघतो. ते बोलणं तोंडी काम म्हणून नोंदवा आणि गोष्ट वर्गात बसून पुन्हा लिहून घ्या. सगळ्यात सोपा बंदोबस्त म्हणजे पहिला खर्डा घरी न देणं.

गोष्ट गोष्ट नसते तेव्हा

कधी वहीत येतं, की बाबा दारू पिऊन मारतात, किंवा एखाद्या काकांची भीती वाटते. 'मी' म्हणून लिहिलेलं सगळंच खरं असतं असं नाही, पण ते तपासायचं कथेच्या तक्त्याने नव्हे. अशा वहीवर गुण लिहू नका, वर्गात ती वाचून दाखवू नका, गटात फिरवू नका. मुलाशी एकट्याने, शांतपणे बोला आणि मुख्याध्यापकांना सांगा. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'घरचा मामला' म्हणून गप्प बसणं हा गुन्हा ठरतो.

नोंद

२०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा आठवीसाठी आकारिक (वर्गात शिकता शिकता होणारं) ४० टक्के आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) ६० टक्के अशी वाटणी केली होती. आकारिकच्या साधनांत वर्गकार्य आहे, तोंडी काम आहे, आणि 'इतर'मध्ये स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापनही. म्हणजे वर सांगितलेलं काहीही नियमाबाहेरचं नाही. सहाध्यायी मूल्यमापनात मुलांना गुण द्यायला लावू नका, दोस्तीखात्यात जातात. 'मला इथे पुढे काय होईल याची उत्सुकता वाटली' आणि 'इथे मला कळलं नाही', एवढ्या दोनच खुणा पेन्सिलने करू द्या.

वर्णनात्मक नोंदीत 'कथा चांगली लिहितो' हे दरवर्षी कुणाच्याही नावापुढे चालतं. 'संवादातून पात्र उभं करते. मुख्य प्रसंग घाईने उरकते' ही नोंद एकाच मुलीची असते, आणि पुढच्या वर्षीच्या बाईंना ती उपयोगी पडते.

दहावीला गणित बदलतं. कृतिपत्रिकेत, म्हणजे बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत, कथेला पाच गुण, वेळ थोडा, शब्द मोजके, तपासणारा अनोळखी. तिथे शीर्षक आणि तात्पर्य लिहायला सांगावंच लागतं. मी नववीच्या शेवटी हे वेगळं शिकवतो, 'हा परीक्षेचा पोशाख' असं सरळ सांगून. आठवीपासून पोशाखच शिवत बसलो तर आत माणूस उरत नाही.

दुसरा खर्डा

आठवड्याने वह्या परत द्या, शेऱ्यातल्या प्रश्नाला उत्तर देत गोष्ट पुन्हा लिहू द्या, आणि गुण या दुसऱ्या खर्ड्याचे धरा. साठही जणांचं सविस्तर तपासणं दर वेळी जमत नाही. मग दर कथेला पंधरा मुलं सविस्तर, बाकीच्यांना एक ओळ. वर्षात चार कथा झाल्या की सगळ्यांची पाळी येते.

पहिल्या वहीवाल्याने एसटी गेली तेव्हा रमेशच्या हातात त्याच्या बहिणीचं हॉल तिकीट ठेवलं. तात्पर्यही ठेवलं, तेच, आळसाचं. १२ झाले.

दुसऱ्या वहीत स्टँड आणि घर यांच्यामध्ये आता एक पूल आला होता. "पुलावर अंधार होता. मी पुडी सोडली. एक शेंगदाणा खायचा आणि दहा पावलं टाकायची. पूल संपला तेव्हा पुडीत चार राहिले होते. ते आईला दिले." तिने 'आणी' आणि 'तीनं' शोधून दुरुस्त केले होते. 'ठिक' दुरुस्त करायची वेळच आली नाही. ते वाक्य तिने लिहिलंच नव्हतं.